बब्रूनं दारू सोडली

माझं तोंड वाईट हाय हे गावाला ठाऊक हाय. तवा आधीच सांगते, मधी कुणी "अक्का, जाऊ द्या आता" म्हणू नका. जाऊ द्यायचं असतं तर मी सांगायलाच बसले नसते.

मी कस्तुराबाई. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला दोन वर्षं सोसलं आन् मग माहेरी आणून घातलं. आमचं गाव तुळजापूरच्याच जिल्ह्यात, कळंब आन् वाशीच्या मधी, रस्त्याला लागून. घरात धाकटा भाऊ बब्रुवान, त्याची बायको महेश्वरी आन् त्यांची एकुलती एक पोरगी अस्मिता. अस्मिता बारावीला, कळंबला हॉस्टेलात राहायची. आई मरताना बब्रूचा हात माझ्या हातात देऊन गेलेली, म्हणून त्याच्यावर पहिला हक्क माझा, बायकोचा मागनं, असं मी धरून चालले होते. कुणी मला इचारलं न्हवतं. माझं मीच ठरवलं होतं.

घराच्या पुढच्या अंगाला आमची पिठाची गिरणी. बब्रूचा हात असा होता की चिमटीत पीठ चोळून सांगायचा, "मावशी, ह्याची भाकर थापताना चिरंल, परत एकदा घालतो." दुसऱ्या गावच्या बायका डबे घेऊन यायच्या. म्हाताऱ्या बायांचा डबा हा स्वतः डोक्यावर घेऊन घरापतूर पोचवायचा. असा माणूस होता. प्याल्यावर बी कधी बायकोवर हात उचलला न्हाय त्यानं. दारू त्याला आत आत खाऊ लागली होती, बाहेर दिसत न्हवतं एवढंच.

कशानं लागली म्हणून लोक इचारतेत. कशानं लागायची? गावातल्या बलभीमचं कोंबड्यांचं शेड होतं वढ्याच्या कडंला. कोंबड्या रोगानं मेल्या आन् शेडात पत्ते सुरू झाले. तिरट. तीन-तीन पानं वाटायची, ज्याची भारी त्याचं सगळं. तिथं बसायचं तर प्यायचं, प्यायचं तर बसायचं. पंधरा वर्षं चाललं हे. पुढं पुढं तर सकाळी डोळा उघडला की आधी दारूची नव्वद लागायची, मग चहा. न्हाय घेतली तर हात असे थरथरायचे की दळणाचा डबा धरवायचा न्हाय. मी म्हणायचे, नाटकं हायत मेल्याची. प्यायला निमित्त पायजे.

गेल्या पौषातली गोष्ट. सोमवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. दोन माणसं उतरली, पान्हे घेतले आन् सरळ गिरणीची मोटार खोलायला लागली. सहा-सात बाया डबे घेऊन बसलेल्या. मी परसातनं धावत आले.

"कुणाच्या बाची हाय रे ती? हात कापून ठेवीन!"

त्यातला एक पान्हा खाली न ठेवता म्हणाला, "मावशी, आमच्यावर कशाला चिडता? बब्रुवान भाऊंनी काल तिरटात लावली. बलभीम आण्णानं धाडलंय आमाला."

बब्रू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याला हलवलं तर मला म्हणतो, "अक्का, तीन राजे आले होते माझ्याकडं. तीन राजे! आन् त्याच्याकडं तीन एक्के. असं कधी होतं का?" एवढं होऊन बी त्याच्या तोंडावर नवल होतं. दारातनं मोटार चालली, पोटावर पाय आला, आन् हा त्या तीन एक्क्यांचंच नवल करायलाय. म्या त्याच्या मुस्काटात मारली. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, सगळ्या बायांच्या देखत. बाया आपापलं दळण उचलून गुमान निघून गेल्या.

त्या रात्री माझ्या डोक्यात एकच बसलं, हे आता तोडायचं. उद्या मंगळवार, देवी आईचा वार.

आमच्या घरात तुळजापूरच्या आईची परडी हाय. वेताची टोपली, तिच्यात कुंकू, भंडारा आन् कवड्याची माळ. सासू सुनेला देते ती. परडीवर हात ठेवून खोटं बोलायची हिंमत आमच्या घराण्यात कुणी केली न्हाय. माझ्या चुलत्यानं अशीच आण घेऊन बिडी सोडलेली, ती मरेपतूर परत तोंडाला लावली न्हाय. मग ह्याला काय धाड भरली होती?

मंगळवारी सकाळी बब्रूला आंघोळ करायला लावली. त्याचे हात थरथरायलेच होते, कारण सकाळची त्याला म्या घेऊच दिली न्हवती. पाटावर बसवला. त्यानं परडीवर हात ठेवला, भंडारा उचलला आन् म्हणाला, "आईची आण. दारूला आन् पत्त्याला हात लावणार न्हाय."

"असलं लई ऐकलंय," म्या म्हणलं. "पोरीचं नाव घाल."

महेश्वरी चुलीपुढनं उठून आली. ही बाई माझ्यापुढं कधी चकार शब्द काढत न्हाय. "अक्का, लेकराचं नाव नको. दुसरं काय बी घाला."

"तू गप बस. तुझ्यासाठीच चाललंय."

बब्रू माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, मी सोडतो. खरंच सोडतो. पण हळूहळू सोडू दे. सकाळची तेवढी ऱ्हाऊ दे थोडे दिवस. लई होतंय गं आत."

"सकाळची बी न्हाय आन् सांजची बी न्हाय. एक थेंब न्हाय. घाल नाव."

त्यानं डोळे मिटले. "अस्मीची आण," म्हणाला. भंडारा कपाळाला लावला आन् लहान पोरासारखा रडला. मला वाटलं, पाझर फुटला. मी गल्लीत साखर वाटली. खरंच वाटली हो, घरोघर जाऊन. आमच्या बब्रूनं दारू सोडली म्हणून.

बुधवारी त्याला जेवण जाईना. पाणी पिलं तरी उलटून पडायचं. अंगाला असा घाम की सदरा पिळावा. म्या म्हणलं, विष बाहेर पडायलंय, पडू दे. लिंबू-सरबत दिलं, पाय चेपले. तुम्ही म्हणाल, ही बाई दुष्ट हाय. न्हाय हो. दोन दिवस त्याच्या उशापासनं उठले न्हाय मी. आईनं केलं नसतं एवढं केलं. त्याच्यावर माझा जीव होता, हे मला मोठ्यानं सांगू द्या.

बेस्तरवारी त्याला मुंग्या दिसायला लागल्या. गोधडीवरनं झटकायचा, "अक्का, काढ की गं, अंगावर चढायल्यात." गोधडीवर काय न्हवतं. डोळ्याला डोळा लागला न्हवता त्याचा. दुपारच्याला महेश्वरी पदराखाली काय तरी घेऊन आत आली. क्वार्टर होती. जिनं जल्मात त्या दुकानाची पायरी चढली न्हाय, ती जाऊन घेऊन आली होती.

"अहो, दोन घोट घ्या," नवऱ्याला म्हणली. "तुमचे हाल बघवंनात मला. पाप लागलं तर माझ्या माथी."

बब्रूनं बाटलीकडं बघितलं. असं बघितलं की बघणाराला लाज वाटावी. हात पुढं गेला त्याचा, आन् त्यानंच मागं घेतला.

"नको," म्हणाला. "अस्मीचं नाव घेतलंय म्या. तिला काय झालं तर?"

म्या ती बाटली महेश्वरीच्या हातातनं हिसकली आन् मोरीत वतली. वर तिलाच बोलले, नवऱ्याचा संसार सुधरायलाय ते बघवंना व्हय तुला. ती म्हणली, "अक्का, निदान कळंबला दवाखान्यात तरी नेऊ. हे साधं दिसत न्हाय." म्या म्हणलं, "दारू सोडली म्हणून दवाखान्यात कोण जातं गं? पीत होता तवा न्यायचं सुचलं न्हाय ते!" अशीच बोलले मी.

शुक्रवारी सकाळी तो गोधडीतनं उठून त्याच पाटावर जाऊन बसला आन् सगळं अंग घुमायला लागलं. डोकं गरागरा. डोळे तांबडे, कुठं बघायलाय कळंना. तोंडानं बडबड, त्यातलं निम्मं कळायचं न्हाय. शेजारची गोदाबाई, आईची गाणी म्हणणारी आराधी हाय ती, दारातनं डोकावली आन् तिनं हातच जोडले.

"आगं बया! आई आली की गं ह्याच्या अंगात!"

झालं. पाच मिनिटांत घर भरलं. कुणी लिंबू आणलं, कुणी नारळ. कपाळावर मळवट भरला. बाया पाया पडायला लागल्या. "आई, आमच्या सुनंला पोटी काय हुईना, सांग माय." आन् बब्रू काय तरी पुटपुटला की त्याचा अर्थ गोदाबाई लावायची. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. माझ्या भावानं दारू सोडली, त्याचं आईनं सोनं केलं. ज्या बायांच्या देखत मोटार गेली, त्याच बाया आता माझ्या दारात हात जोडून उभ्या.

मग त्याचे हात हलायला लागले. मांडीपुढं भुईवर तो काय तरी मांडायला लागला. एक इकडं, एक तिकडं, एक समोर.

गोदाबाई वरडली, "बघा, बघा! आई सारीपाट खेळायलीय!" आमच्याकडं म्हणतेत ना, तुळजापूरची आई सारीपाट खेळती. सगळ्यांनी "आई राजा उदो उदो" केला.

मी अगदी जवळ बसले होते. त्याच्या हाताखाली. बब्रूनं अंगठा जिभंला लावला. ओला केला. आन् परत वाटायला लागला, एक-एक करत, सगळ्यांना तीन-तीन. मग आपली तीन उचलली, छातीशी धरली, एकेक सरकवून बघितली.

सारीपाट खेळणारं कुणी अंगठ्याला थुंका लावतं का हो? माझा भाऊ बलभीमच्या शेडात बसला होता. तिरट खेळत होता तो. आई बिई कोण न्हवतं त्याच्या अंगात. मला कळलं. त्या घडीला, तिथंच कळलं. महेश्वरीला बी कळलं, कारण तिनं माझ्याकडं बघितलं आन् सगळ्यांच्या देखत माझे पाय धरले. "अक्का, तुमच्या पाया पडते, न्हेऊ त्यांना."

पंचवीस-तीस बाया बसल्या होत्या. कपाळाला कुंकू लावून. त्यांना काय सांगू, तुमी ज्याच्या पाया पडलात तो जुगार खेळायलाय? म्या म्हणलं, "देवीला दवाखान्यात न्हेतेत व्हय?"

थोड्या वेळानं त्यानं एकदम मान मागं टाकली. दात आवळले, अंग ताठ झालं, हातपाय झाडायला लागला. तोंडाला फेस. बाया आणखी जोरात "उदो उदो" करायला लागल्या. मी बी केला. व्हय, मी बी केला. मग तो ढिला पडला आन् गोदाबाई म्हणली, "आई निवली."

महेश्वरी उठली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आन् वाशीकडनं आलेल्या काळीपिवळी जीपच्या आडवी झाली. ड्रायव्हरला काय म्हणली देव जाणे. त्यानं आन् गाडीतल्या दोघांनी मिळून बब्रूला उचललं. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कळंब यायच्या आधीच परत तसाच झटका आला. त्यातनं तो माघारी फिरला न्हाय. डॉक्टरनं फक्त बघितलं आन् मान हलवली.

तरणी डॉक्टरीण होती. मला बाजूला घेऊन इचारलं, "किती वर्षं पीत होते?"

"पंधरा."

"रोज?"

"रोज. सकाळपासनं."

"शेवटची कधी घेतली?"

"सोमवारी रात्री. मंगळवारपासनं एक थेंब न्हाय." भाऊ तिथं पांढऱ्या चादरीखाली, आन् मी हे ताठ मानेनं सांगितलं. सवय हो, तोंडाची.

मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते. अंग ते सोसत नाही. हात थरथरतात, नाही नाही ते दिसतं, मग झटके येतात. पहिल्या दिवशी आणलं असतं तर औषध देऊन सोडवता आली असती." तिनं मला दोष दिला न्हाय. दिला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

अस्मिताला हॉस्टेलातनं बोलवून घेतलं. बापाच्या अंगावर पडून ती जी रडली, ते मी सांगत न्हाय.

घरी आल्यावर महेश्वरी मला म्हणेल, तुमी मारलं. मी वाट बघत होते. पण भेटायला येणाऱ्या बायांना ती डोळे न पुसता सांगायची, "देवी अंगात आली होती. देवीनंच न्हेलं." दहाव्याच्या दिवशी म्या तिला एकटीला गाठलं. म्हणलं, "असं का सांगतीस गं?"

"पोरीसाठी," म्हणली. "तिचं नाव घालून आण घेतली होती, हे तिला जल्मात कळता कामा न्हाय. तुमी बी बोलायचं न्हाय, अक्का. एवढं एक माझं ऐका."

ऐकलं म्या. पहिल्यांदाच तिचं काय तरी ऐकलं. आन् गाव तर आधीच तयार होतं. बब्रू बसला होता त्या पाटाला बाया हळद-कुंकू लावून जायच्या. म्या एकीला बी अडवलं न्हाय. आपल्या पापाची पूजा होत आसंल तर कोण अडवतं?

दोन महिन्यांनी, अस्मिताची परीक्षा झाल्यावर ती घरी होती, तवाची गोष्ट. परंड्याकडनं एक बाई आली, चंद्रप्रभा नावाची. संगं नवरा महांतप्पा आन् दहा-अकरा वर्षांची लेक. महांतप्पा चांगला उंचापुरा माणूस, सदऱ्याची गुंडी लावायला त्याला जमंना. बोटं थरथरायलेली.

"अक्का, लई नाव ऐकून आलोय," चंद्रप्रभा म्हणली. "तुमच्या भावाची दारू सुटली आन् आईनं दर्शन दिलं. ह्यांना बी तुमच्या हातानं परडीवर हात ठेवायला लावा. कालपासनं घेऊ दिली न्हाय म्या. लेकीला मुद्दाम आणलंय, तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतील." गोष्ट परंड्यापतूर पोचेस्तवर तिच्यातलं मरण गळालं होतं.

म्या म्हणलं, "बाई, आधी कळंबला न्या. तिथं औषध देतेत."

"औषधं लई झाली. आता आईच्या दारात आलोय, रिकामं धाडू नका."

"आगं, न्या म्हणते ना!"

"तुमच्या भावाला कुठं न्हेलं होतं दवाखान्यात? त्याचं आईनं सोनंच केलं की." असं म्हणून तिनं लेकीला पुढं ढकललं. ती पोरगी बापाकडं बघत उभी. महांतप्पाचा हात तिच्या डोक्याकडं निघाला.

तेवढ्यात आतनं अस्मिता पाहुण्यांना पाण्याचा तांब्या घेऊन आली. महेश्वरी दारात होती. तिला कळलं मी काय करणार, तिनं मान हलवली, नको म्हणून. पण त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. मी घाम वळखते आता.

"हात मागं घे," मी वरडले. "माझ्या भावाचं सोनं न्हाय झालं. तो मेला. दारू एकदम तोडली म्हणून मेला, आन् तोडायला लावणारी मी. ह्याच परडीवर. पोरीचं नाव घालायला लावलं. त्याची बायको बाटली घेऊन आली, दोन घोट घ्या म्हणून रडली, तर तो म्हणला, नको, अस्मीचं नाव घेतलंय. घुमायला लागला ते झटके होते. सारीपाट न्हवता तो, तिरटाची पानं वाटत होता. मला दिसलं. मी बोलले न्हाय, माझी इज्जत जाईल म्हणून. आता न्हेती का दवाखान्यात, का ह्या लेकराच्या बापाला बी मारू?"

चंद्रप्रभानं लेकीला जवळ वढलं. मग महेश्वरीनं पदर खोचला, चपला घातल्या. "चला," म्हणली, "मी येते संगं. मला ठावं हाय कुठं जायचं ते." महांतप्पाच्या दंडाला धरून तिनं त्याला रस्त्यावर न्हेलं. माझ्याकडं बघितलं न्हाय.

घरात मी आन् अस्मिता दोघीच. तिनं तांब्या खाली ठेवला.

"आत्या," ती म्हणली, "आई बाटली घेऊन आली तो कुठला दिवस होता?"

"बेस्तरवार. दुपारच्याला."

"मी मेसमध्ये जेवत होते. फोन होता माझ्याजवळ."

"अस्मे..."

"एक फोन लावून द्यायचा होता त्यांना," ती म्हणली. "मी म्हणले असते, प्या पप्पा."